बांधणीची किल्ली कोणाच्या हाती?

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' असे आपल्याकडे म्हणतात. घर बांधायला काढले म्हणजे माणसाला कळते की विटा, वाळू, लाकूड असे सगळे सामान अंगणात येऊन पडले तरी तेवढ्याने घर उभे राहत नाही. कोणते काम आधी, कोणते मागून, गवंडी केव्हा बोलवायचा आणि सुतार केव्हा, हे ठरवणारा कोणीतरी जाणता लागतो. आज मी ज्या बांधणीविषयी बोलणार आहे ती विटामातीची नव्हे, संगणकाच्या प्रोग्रामांची आहे. पण गंमत अशी की तिथल्या अडचणी पुष्कळशा ह्याच आहेत, आणि भांडणेही ह्याच जातीची आहेत.

हा विषय माझ्यापुढे आणला तो चितेगावच्या एका विद्यार्थ्याने. छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या रस्त्याला लागले की वाटेत चितेगाव येते. एके काळी इथे व्हिडिओकॉनच्या मोठ्या कारखान्यात दूरचित्रवाणी संच तयार होत असत, आणि परिसरात दुसरेही लहानमोठे कारखाने उभे राहिले. ह्या मुलाचे वडील अशाच एका लहान कारखान्यात जुळणीच्या कामावर होते. मुलगा संगणकशास्त्र शिकतो आणि मी शिकवतो इतिहास. तरी तो एके दिवशी माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "सर, तीन रात्री जागलो, पण प्रोग्राम काही उभा राहिना."

चौकशी करता कळले ते असे. एका ओपन सोर्स, म्हणजे मुक्तस्रोत, प्रोग्राममध्ये काही मराठी शब्द चुकीचे पडले होते. मुक्तस्रोत प्रोग्राम म्हणजे ज्याचा मूळ मजकूर सर्वांना वाचायला, सुधारायला आणि वाटायला मोकळा ठेवलेला असतो तो. गावच्या सार्वजनिक विहिरीसारखा म्हणा ना. ह्या मुलाने शब्द दुरुस्त केले. पण ते पडद्यावर कसे दिसतात हे पाहायचे तर मूळ मजकुरापासून सगळा प्रोग्राम आपल्या यंत्रावर बांधून काढायला हवा. तो बांधायला बसला, तर 'अमुक वस्तू सापडली नाही' म्हणून काम थांबे. ती वस्तू मिळवावी, तर दुसरीची मागणी पुढे येई.

"वडील म्हणाले," तो सांगू लागला, "आमच्या लाइनीवर असं चालत नाही. आधी काय बसवायचं, मग काय, ते भिंतीवर लिहिलेलं असतं. सर, ही मंडळी एवढी हुशार, मग त्यांना हे का जमू नये?"

मला उत्तर येईना. इतिहासाच्या माणसाला उत्तर आले नाही म्हणजे तो मागे जातो. तसा मी मागे गेलो, आणि जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आधी बांधणी म्हणजे काय ते पाहू. प्रोग्राम लिहिणारा माणूस आपल्याला वाचता येईल अशा भाषेत मजकूर लिहितो. यंत्राला ती भाषा कळत नाही. म्हणून त्या मजकुराचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करावे लागते आणि निरनिराळे तुकडे एकत्र सांधावे लागतात. ह्या सगळ्या खटाटोपाला संगणकाची मंडळी 'बिल्ड' म्हणतात, आपण बांधणी म्हणू. मोठ्या प्रोग्रामात असे हजारो तुकडे असतात. आता पुरणपोळीचा स्वयंपाक आठवा. डाळ शिजवायची, पुरण वाटायचे, कणीक भिजवायची, मग पोळी लाटायची. कणीक घट्ट झाली तर सुगरण कणीकच पुन्हा मळते, डाळ काही पुन्हा शिजत घालत नाही. मात्र पुरणच बिघडले तर ते भरून लाटलेल्या पोळ्या बाजूला ठेवाव्या लागतात. कशावर काय अवलंबून आहे हे तिच्या डोक्यात पक्के असते. तुकडे हजारो झाले म्हणजे हे माणसाच्या डोक्यात राहत नाही, म्हणून त्याला अवजार लागते.

हे अवजार प्रथम सर्वत्र पसरले ते अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतून. साल होते १९७६. तिथे स्टीव्ह जॉन्सन नावाचे गृहस्थ एके सकाळी तणतणत आपले सहकारी स्टुअर्ट फेल्डमन ह्यांच्या खोलीत शिरले. एक चूक शोधण्यात त्यांची सबंध सकाळ गेली होती आणि शेवटी आढळले काय, तर चूक आधीच दुरुस्त झालेली होती, फक्त तो तुकडा पुन्हा बांधायचा राहून गेला होता! फेल्डमन ह्यांची आदली संध्याकाळ अशाच घोळात गेली होती. त्यांनी आठवड्याच्या सुट्टीत बसून एक लहानसे अवजार तयार केले आणि त्याला 'मेक' हे नाव दिले. कोणता तुकडा कशावर अवलंबून आहे हे एका कागदावर लिहून ठेवायचे. मेक प्रत्येक तुकड्याची वेळ पाहतो आणि जे बदलले असेल त्याच्यापुरतेच काम करतो. चितेगावच्या त्या भिंतीवरच्या तक्त्याचाच हा भाऊ म्हणायचा. २००३ साली फेल्डमन ह्यांना ह्या कामाबद्दल संगणकक्षेत्रातला एक मोठा सन्मान मिळाला.

पण ह्या गोष्टीला एक शेपूट आहे, आणि शिक्षकांनी ते जरूर लक्षात ठेवावे. मेकच्या कागदावर हुकमाची ओळ 'टॅब' ह्या कळीनेच सुरू करावी लागते. तिथे साध्या मोकळ्या जागा टाकल्या तर डोळ्यांना फरक दिसत नाही, पण काम अडते. ही खोड फेल्डमन ह्यांच्या थोड्याच दिवसांत ध्यानात आली. तोवर मेक वापरणारे डझनभर लोक झाले होते. त्यांची घडी मोडू नये म्हणून त्यांनी ती तशीच राहू दिली. डझनभरांचे लाखो झाले, पन्नास वर्षे होत आली, आणि आजही नवशिके पोर त्या टॅबपाशी अडखळते! सामायिक कामातली चूक सुधारायची तर ती डझनभरांची असतानाच सुधारावी.

पुढे १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली आणि मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू झाली. आता नवी अडचण उभी राहिली. घरच्या घरी वापरायचे अवजार आणि दहा गावच्या लोकांनी वापरायचे अवजार ह्यांत फरक असतो. त्या काळी यंत्रांचे प्रकार अनेक, आणि एकावर असलेली सोय दुसऱ्यावर नसे. १९९१ साली डेव्हिड मॅकेन्झी ह्यांनी 'ऑटोकॉन्फ' आणले. सोयरीक जमवण्याआधी आपण जशी मुलाकडची चौकशी करतो, तशी हे अवजार बांधणीपूर्वी यंत्राची चौकशी करते: हे आहे का, ते चालते का, नसेल तर दुसरे काय आहे? पुढे त्याला ऑटोमेक आणि लिबटूल हे जोडीदार मिळाले. ह्या त्रिकुटाने मोठेच उपकार केले. परंतु तिघांची भाषा निराळी, आणि चौकशीच्या याद्या वाढत वाढत हजारो ओळींच्या झाल्या. त्या वाचणारे थोडे आणि दुसऱ्याच्या उतरवून घेणारे फार, अशी स्थिती आली.

आता मुख्य कथेकडे येतो. १९९६ साली जर्मनीत मथियास एट्रिख ह्या विद्यार्थ्याने 'केडीई' नावाचा प्रकल्प सुरू केला. संगणक उघडल्यावर समोर दिसणारा पडदा, खिडक्या, चित्रे, पत्रव्यवहाराची साधने, हे सगळे मुक्तस्रोत पद्धतीने सर्वांसाठी तयार करावे हा त्याचा हेतू. देशोदेशींचे शेकडो लोक आपापल्या घरून त्यात काम करू लागले. मराठीतही त्याची भाषांतरे झाली आहेत. बांधणीसाठी त्यांच्याकडे ते जुने त्रिकूट होते, आणि ते अपुरे पडे म्हणून त्याला आपली स्वतःची ठिगळे लावलेली होती. होता होता असे झाले की ही सारी व्यवस्था सबंध समजणारी माणसे फार थोडी उरली. एखाद्याने नवा भाग लिहिला तरी तो बांधणीत कसा बसवायचा हे त्याला कळेना. दुसऱ्याच्या कागदाची नक्कल करायची, आणि चालली तर देवाची कृपा.

मला इथे आमच्या गावच्या इंजिनाची आठवण होते. माझ्या लहानपणी चार भावकींच्या सामायिक विहिरीवर एक डिझेल इंजिन होते. ते जुने झाले होते, आणि त्याला जागोजाग तार, चामडे, चिंध्या बांधून आमच्या एका चुलत्यांनी चालते ठेवले होते. ते कसे सुरू करायचे हे त्यांनाच ठाऊक. माणूस मोठा कष्टाळू; त्यांनी कधी कोणाला नाही म्हटले नाही. पण एका उन्हाळ्यात ते तापाने आठ दिवस पडले आणि आठ दिवस विहिरीत पाणी असून भाजीचे वाफे वाळले. विहीर चौघांची, पण तिची किल्ली एकाच्या हाती. दोष चुलत्यांचा म्हणावा का? मला तसे वाटत नाही. बाकीच्या तिघांनी कधी विचारलेच नव्हते, 'नाना, हे कसं करायचं ते आम्हालाही दाखवा.'

केडीईच्या मंडळींनी विचारले. २००५ साली चौथ्या आवृत्तीची तयारी सुरू झाली होती. अनायासे पुष्कळ मोडतोड होणारच होती, तेव्हा बांधणीचे अवजारही बदलावे असा विचार पुढे आला. त्या वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस स्पेनमधल्या मालागा गावी त्यांचा मेळावा भरला आणि 'स्कॉन्स' हे अवजार घेऊन पाहायचे ठरले. स्कॉन्स हे पायथन ह्या सोप्या आणि लोकप्रिय भाषेवर उभे आहे. कागदावर पाहिले तर निवड उत्तम होती. पण प्रत्यक्ष काम सुरू झाल्यावर अडचणी निघाल्या. एवढ्या मोठ्या प्रकल्पाला लागणाऱ्या कित्येक गोष्टी त्यात नव्हत्या आणि त्या आपल्याच पदरच्या घालाव्या लागत. अवजाराचे मूळ कर्ते आणि ही मंडळी ह्यांच्यात हवे तसे देणेघेणे जमले नाही. थॉमस नागी ह्या कार्यकर्त्याने बरीच खटपट केली; त्याच्या खटपटीतून पुढे 'वाफ' नावाचे वेगळेच अवजार जन्माला आले. म्हणजे एक फेरा पुरा होऊन पुन्हा तोच प्रश्न दारात उभा राहिला: हे थोड्यांनाच कळणारे अवजार उद्या कोण सांभाळणार?

अशा वेळी, २००६ च्या सुरुवातीला, अलेक्झांडर नॉयंडॉर्फ ह्यांनी 'सीमेक' हे तिसरेच अवजार लावून पाहिले. हे अवजार अमेरिकेतल्या किटवेअर नावाच्या संस्थेत तयार झाले होते. त्याचा उगमही ऐकण्यासारखा आहे. मानवी शरीराच्या आतल्या प्रतिमा संगणकावर अभ्यासण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने एक मोठे काम हाती घेतले होते. ते निरनिराळ्या यंत्रांवर सारखेच बांधता यावे म्हणून २००० सालाच्या सुमारास सीमेक तयार करण्यात आले. ते स्वतः बांधकाम करत नाही. ते ज्या त्या यंत्राला कळेल असा आराखडा लिहून देते आणि पुढचे काम तिथल्या गवंड्यावर सोपवते. विंडोज असो, मॅक असो की लिनक्स, मूळ कागद एकच.

श्रोतेहो, सीमेकची भाषा काही देखणी नाही. ती ओबडधोबड आहे अशी तक्रार तेव्हाही होती आणि आजही ऐकू येते. मग तिची निवड का झाली? एक कारण असे की किटवेअरचे बिल हॉफमन स्वतः पुढे आले आणि आम्ही मदत करू म्हणाले. केडीईला जे कमी पडे ते मूळ सीमेकमध्येच घातले जाऊ लागले. ठिगळ आपल्या घरात न लावता मूळ कापडच नीट विणले गेले, त्यामुळे ते इतरांच्याही उपयोगी पडले. दुसरे कारण असे की नवा माणूस दहा ओळींचा कागद वाचून आपला भाग बसवू शके. २००८ च्या जानेवारीत चौथी आवृत्ती बाहेर पडली ती ह्याच अवजारावर. एवढा मोठा प्रकल्प सीमेकवर गेला हे पाहून दुसरेही गेले. केडीई ज्या 'क्यूटी' नावाच्या पायावर उभे आहे त्या क्यूटीच्या मंडळींनी 'क्यूबीएस' हे आपले स्वतःचे नवे अवजार पुढे नेण्याचे काम २०१८ मध्ये थांबवायचे ठरवले, आणि २०२० च्या अखेरीस आलेली त्यांची सहावी आवृत्ती सीमेकवर बांधली. स्वतःच्या हाताने केलेली वस्तू बाजूला ठेवणे सोपे नसते.

प्रत्येकाने हाच रस्ता धरावा असे मात्र नाही. लिनक्सच्या गाभ्याची गोष्ट उलट आहे. बांधणीपूर्वी कोणते भाग घ्यायचे आणि कोणते गाळायचे ते निवडण्याची त्यांची जुनी रीत किचकट झाली होती. एरिक रेमंड ह्यांनी बराच काळ खपून तिच्या जागी एक नवी व्यवस्था रचली. तिच्यासाठी मात्र पायथन लागे, आणि जुने सारे एकदम उचलून नवे बसवावे लागे. पुष्कळ कार्यकर्त्यांनी विरोध केला आणि २००२ साली तो प्रयत्न सुटला. त्याच वर्षी ऑक्टोबरात रोमन झिप्पेल ह्यांची साधी, वेगळे काही न मागणारी व्यवस्था स्वीकारली गेली. आजही तो गाभा मेकवरच बांधला जातो. घर बांधायला लागणारी पहार स्वतः आणखी चार हत्यारांवाचून चालेना, तर ती दुर्गम गावात न्यायची कशी, असा तो साधा हिशेब होता. 'ग्नोम'सारख्या इतर प्रकल्पांनी २०१७ च्या सुमारास फिनलंडच्या युसी पाक्कानेन ह्यांचे 'मेसन' घेतले. ज्याची जशी जमीन, तसा त्याचा नांगर.

आपण म्हणाल, एवढे भांडण्यासारखे ह्यात काय आहे? अवजार थोडे किचकट असले म्हणून काय बिघडले? काय बिघडते ते २०२४ च्या मार्चमध्ये जगाला दिसले. 'एक्सझेड' नावाचा, माहिती आवळून लहान करणारा एक साधा मुक्तस्रोत प्रोग्राम आहे. तो जगभरच्या असंख्य यंत्रांवर असतो, पण त्याची देखभाल करणारा माणूस जवळजवळ एकटाच, तोही थकलेला. खोटे नाव घेतलेल्या कोणीतरी दोनअडीच वर्षे गोड बोलून, कामे करून त्याचा विश्वास मिळवला आणि मग चोरदरवाजा बसवला. कुठे? सर्वांना दिसणाऱ्या मजकुरात नव्हे. वाटपासाठी बांधलेल्या गाठोड्यातल्या बांधणीच्या कागदात त्याने एक किल्ली लपवली आणि बाकीचा ऐवज चाचणीच्या नमुन्यांत दडवला. बांधणीच्या वेळी ती किल्ली फिरे. तो कागद त्याच जुन्या त्रिकुटाच्या किचकट भाषेत होता, आणि तो कोणी वाचत नाही हे चोराला ठाऊक होते. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला आपल्या यंत्रात शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले. त्याने त्या अर्ध्या सेकंदाचा पाठपुरावा केला आणि २९ मार्चला सगळे उघडकीस आणले. नाहीतर अनर्थ ओढवता. तात्पर्य, गावची वही जी कोणी उघडत नाही, तिच्यातच अफरातफर होते.

आपल्या महाराष्ट्रातही ही विद्या शिकवणारे निघाले आहेत. जीसीसी हा १९८७ पासून चालत आलेला मुक्तस्रोत अनुवादक प्रोग्राम. पुष्कळसे इतर प्रोग्राम यंत्रभाषेत उतरवतो तो हाच. मुंबईला पवईच्या आय.आय.टी.मध्ये प्रा. उदय खेडकर ह्यांनी त्याच्या अभ्यासाचे केंद्र चालवले आणि कार्यशाळा घेतल्या. त्यांत ह्या अवाढव्य प्रोग्रामची बांधणी कशी करायची हा एक स्वतंत्र पाठच असे. त्या बांधणीचे नवल असे की जीसीसी तीनदा बांधतात. आधी जुन्या अनुवादकाने नवा बांधायचा, मग त्या नव्याने स्वतःलाच बांधायचे, आणि पुन्हा एकदा. शेवटचे दोन ताडून पाहायचे. तंतोतंत जुळले तरच काम पक्के. हे शिकलेला विद्यार्थी परक्याच्या घरात पाहुणा म्हणून राहत नाही, तो घरचा होतो.

एवढे वाचून झाल्यावर मी त्या मुलाला बोलावले आणि म्हणालो, "अरे, तुझ्या वडिलांचा प्रश्न बरोबर आहे. भिंतीवर तक्ता लावायला लोक विसरतात, कारण त्यांना तो पाठ असतो."

मजकूर मोकळा ठेवला म्हणजे काम सर्वांचे झाले असे आपण समजतो. पण ज्याला ते आपल्या हाताने बांधता येत नाही त्याला ते फक्त पाहता येते. तीन रात्री जागून जो परत गेला, त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. म्हणून मोठ्या सामायिक कामाचे अवजार निवडताना ते किती तेज आहे हे पाहावेच, पण नवा माणूस ते किती दिवसांत हाती धरू शकेल, आणि आजचा जाणता आजारी पडला तर उद्या ते कोण चालवील, हे त्याहून आधी पाहावे. शाळेचे ग्रंथालय, दूध संस्थेचा हिशेब, गावच्या नळयोजनेची मोटार, सगळ्यांना हा प्रश्न लागू आहे. शिक्षकबंधुभगिनींनो, आपल्या शाळेतला संगणक एका गुरुजींच्या सुट्टीमुळे बंद पडतो का, एवढे एकदा पाहा.

त्या मुलाचा तो पहिला प्रोग्राम अजून बांधून झालेला नाही. दुसऱ्या एका प्रकल्पाच्या अवजाराने मात्र काय काय कमी आहे ते पहिल्याच झटक्याला यादी करून सांगितले, आणि चौथ्या रात्री त्याने दुरुस्त केलेला मराठी शब्द त्याच्याच पडद्यावर उमटला. दुसऱ्या दिवशी तो वर्गाबाहेर उभा होता. हातात एक कागद. वरपासून खालपर्यंत, आधी काय करायचे आणि मग काय, हे त्याने साध्या मराठीत आकडे घालून लिहिले होते.

"हे काय रे?" मी विचारले.

"सर, खालच्या वर्गातल्या पोरांसाठी," तो म्हणाला. "प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावू का?"